अहेव बाईचा ठसा

आमच्या घरी देवांचे ठसे वीस-बावीस होते, बाईचा मात्र एकच. काशाचा, तळहाताएवढा, चांगला जड. त्यात रुपयाएवढी एक बाई उलटी, खड्ड्यात कोरलेली, हात जोडून उभी, डोक्यावर पदर. नवरा जिवंत असताना जी बाई जाते तिला अहेव म्हणतात. तशा कुठल्याही घरची बाई गेली की तिचा टाक, म्हणजे पूजेचा चांदीचा छाप, ह्याच ठशातनं निघायचा. गोरी असो, काळी असो, ठेंगणी असो, सगळ्यांना तेच नाक आणि तोच पदर.

ठशातनं टाक कसा काढतात ते सांगते, म्हणजे पुढचं समजंल. ठशावर चांदीचा पातळ पत्रा ठेवायचा. पत्र्यावर शिशाचा तुकडा आणि वरून हातोडा. शिसं मऊ असतं, ते पत्र्याला खड्ड्यात ढकलत नेतं. दोन-तीनदा पत्रा उचलून शेगडीवर ताव द्यायचा, नाहीतर चिरतो. पुन्हा ठोकायचं. मग कातरीनं कडा कापायची, कानशीनं घासायची, वर कडी लावायची. मागून टाक पोकळ असतो, तिथं विटकरीची पूड घातलेली लाख तापवून भरायची. शेवटी चिंचेच्या पाण्यात घालायचा आणि रिठ्याच्या फेसानं ब्रशनं घासायचा. ठोकणं मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. लाख, चिंच, रिठा माझ्याकडं. सकाळी उठून बघावं तर एका अंगाला वरण शिजतंय आणि दुसऱ्या अंगाला खंडोबा न् भवानी चिंचेच्या पाण्यात पडलेत. गिऱ्हाईक घरी नेऊन त्याची पूजा करायचं तेव्हा तो देव. आमच्या ओसरीवर तो देव झालेला नसायचा. माझा पाय लागायचा, त्यावरून मांजर जायची.

जालन्यातल्या ह्या घरात मी लग्न करून आले ते एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला. माहेर माझं भोकरदनकडचं, धावड्याच्या पलीकडं. घरात पाच बहिणी, त्यामुळं बिजवर असला तरी कारागीर आहे म्हणून वडलांनी हो म्हटलं. मालकांची पहिली बायको जाऊन वर्ष झालं होतं. मागं सहा वर्षांची पोरगी होती.

लग्नात मंगळसूत्राच्या आधी माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक टाक घातला. रुपयाएवढा. आमच्याकडं दुसरेपणावर आलेल्या बाईला सवतीचा टाक गळ्यात बाळगावा लागतो. तिला आधी नमस्कार, तिला आधी घास, नवं लुगडं आधी तिला लावायचं आणि मग आपण नेसायचं. नाहीतर ती सुखानं नांदू देत नाही म्हणतात. इतर बायकांना असा टाक सोनाराकडनं आणलेला असतो. माझ्या गळ्यातला तिच्या नवऱ्यानंच ठोकलेला होता.

पहिल्या दिवशी जेवायला बसलो. पोरगी ताट घेऊन माझ्यापुढं आली, भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि माझ्या तोंडाकडं न बघता गळ्यातल्या टाकाला लावला.

"आई, जेव."

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मावशी, तू पण जेव."

त्या दिवसापासनं हे रोज सकाळ-संध्याकाळ. आधी आई, मग मावशी. मला ती शेवटपर्यंत मावशीच म्हणायची. तिचं काही चुकत नव्हतं. मी तिची वेणी घालायची तेव्हा ती माझ्याकडं तोंड करून बसायची, म्हणजे टाक तिच्या डोळ्यांसमोर यायचा. वेणी घालायला मला किती अवघड जायचं, पण पाठ करून बस असं मी कधी म्हटलं नाही. शाळेतलं सगळं त्याला सांगायची. "आई, आज बाईंनी मला उभं केलं." "आई, मला पाढे आले." तिच्या पुस्तकावरनंच मी लिहा-वाचायला शिकले. तिला वाटायचं, आईला वाचून दाखवून राह्यले, आणि मी मधल्या मधी शिकून घ्यायची.

एकदा एक धनगर म्हातारा आला होता, मेलेल्या बायकोचा टाक न्यायला. हातात घेऊन उलटापालटा करून बघितला न् म्हणाला, "कारागीर, माझी बायको अशी काडी नव्हती हो. चांगली दणकट होती. एका हातानं मेंढरू उचलायची."

मालक म्हणाले, "बाबा, तिकडं गेल्यावर सगळ्या सारख्याच."

"मंग मी वळखू कशी?"

"तुम्ही कशाला? ती वळखंल की तुम्हाला."

म्हातारा हसला. मीही हसले. तेव्हा मला काय माहीत.

चार वर्षं झाली असतील. पोरगी दहाची. लगीनसराईच्या आधी मालक अहेव बाईचे टाक तयार ठेवायचे, कारण बिजवरांची लग्नं त्याच दिवसांत असायची आणि मंठ्याच्या बाजाराला हमखास मागणी असायची. तेरा टाक ठोकून झाले होते. मी लाख भरली होती आणि परातीत चिंचेचं कोमट पाणी करून ते भिजत घातले होते. लाख भरल्यावर उकळतं पाणी चालत नाही, पघळते. सकाळची वेळ. मालकांना मंठ्याची गाडी धरायची होती, ते डबा बांधून राह्यले होते आणि आतनं ओरडत होते, "जल्दी आटप, गाडी थांबत न्हाई माझ्यासाठी."

माझ्या गळ्यातला टाक काळा ठिक्कर पडलेला. घाम, तेल, रोजचं वरण. मनात आलं, पाणी केलंच आहे तर हाही उजळून घ्यावा. दोरा सोडला आणि टाकला परातीत. बस, एवढंच केलं मी.

रिठ्याचा फेस करून एकेक घासत गेले. हात आपले कामाला लागलेले, मन गाडीकडं. चौदा टाक धुऊन पांढऱ्या फडक्यावर मांडले, तेव्हा लक्षात आलं. सगळे लख्ख. सगळ्या हात जोडून माझ्याकडं बघून राह्यल्या.

मला वाटायचं, आपल्या टाकाचं नाक झिजलंय, रोज हात लागतो म्हणून. पण ठसाच जुना, सासऱ्यांच्या वेळचा. सगळ्यांचीच नाकं बोथट. उलटे करून लाख बघितली, सगळीकडं सारखीच तांबूस. कडीखाली दोऱ्यानं घासल्याची खूण शोधली, तर चिंचेनं सगळं एक करून टाकलेलं. डोळे मिटून एकेक छातीला लावून बघितला. हसू नका. चार वर्षं अंगावर वागवलेली वस्तू अंग तरी ओळखील असं वाटलं. नाही ओळखली.

"झालं का न्हाई?" मालक दारात आले. मी एक उचलला आणि मुठीत धरला. बाकीचे तेरा त्यांनी फडक्यात बांधले आणि गेले.

त्या वेळी हाक मारायला पाहिजे होती. गल्लीच्या टोकापर्यंत दिसत होते ते. का मारली नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. भीती होतीच. पण खरं लिहायला बसलेय तर तेही लिहिते. दोरा गळ्यात नव्हता तेवढा वेळ, त्या गडबडीतसुद्धा, मला हलकं वाटलं होतं. चार वर्षांत पहिल्यांदा गळ्यात कोणी नव्हतं. त्याची मला इतकी शरम वाटली की तोंडातनं हाक निघाली नाही.

मालक संध्याकाळी आले. दोन टाक उरले होते, अकरा गेले. त्या दोघींना माझ्या गळ्यातलीशेजारी ठेवून पुन्हा बघितलं. काही कळलं नाही. पुढच्या बाजाराला त्याही गेल्या. दुपारी पोरगी शाळेतनं आली होती तेव्हा मुठीतला तो टाक मी दोऱ्यात ओवून गळ्यात घातला होता. तिनं बघितलं आणि नाचायलाच लागली.

"आई किती चमकली! मावशी, तू केलीस?"

"हो."

तिनं दप्तर टाकलं, डब्यात उरलेला भाकरीचा तुकडा काढला आणि टाकाला लावला. "आई, जेव."

तिथनं पुढं नऊ वर्षं ती त्याला घास लावत राहिली आणि मी गळा पुढं करत राहिले. पहिलं वर्षभर प्रत्येक घासाला मी मान दुसरीकडं वळवायची. मग सवय झाली. वाईट वाटण्याचीही सवय होते माणसाला. मंठ्याकडचं कोणी गिऱ्हाईक आलं, बाई असली, की माझी नजर आधी तिच्या गळ्याकडं जायची. एकदा एकीला मी म्हटलंसुद्धा, "बघू बरं तुमचा टाक." तिनं पदरानं झाकला. "दृष्ट लागंल," म्हणाली. कोणाची, ते बोलली नाही.

पोरीचं लग्न घनसावंगीकडं ठरलं. उसाची शेती, घर भरलेलं, मुलगा निर्व्यसनी. पाठवणीच्या वेळेला ती माझ्या गळ्यात पडली. म्हणजे मला वाटलं माझ्या गळ्यात पडली. कपाळ टाकाला टेकवून ती किती तरी वेळ रडली.

"आई, येते गं."

मग डोळे पुसून मला म्हणाली, "मावशी, आईला सांभाळ. दोन वेळचा घास तू लाव आता."

तेव्हा सांगायला हवं होतं. हात धरून आत नेलं असतं आणि सांगितलं असतं, तर ती रागावली असती, माहेर तोडलं असतं कदाचित. पण तिला खरं कळलं असतं. मी म्हटलं, "लावते. तू जा सुखानं."

तीन वर्षांनी ती गेली. कावीळ झाली होती, दिवस गेलेले, पाचवा महिना. आधी झाडपाला केला, मग दवाखान्यात नेली, तोपर्यंत अंगात पसरली होती. आम्ही पोचलो तेव्हा बोलणं बंद झालेलं. मी जवळ वाकले तर तिनं हात वर केला. माझ्या तोंडाकडं नाही. टाक चिमटीत धरला आणि तसाच धरून ठेवला. तिची बोटं पिवळी झाली होती, त्यात ती चांदी. मी वाकूनच राहिले, कंबर मोडून गेली तरी. त्या चिमटीत तिची आई असंलच असं नव्हतं आणि हे त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं.

वर्ष व्हायच्या आत तिची सासू आमच्या ओसरीवर आली. बाई वाईट नव्हती. पदरानं घाम पुसत बसली, पाणी घेतलं, इकडचं तिकडचं बोलली. मग खाली बघून म्हणाली, "इहीणबाई, रागावू नका. पोराचं जमवलंय. घरात बाईमाणूस पाहिजेच ना हो. नव्या पोरीच्या गळ्यात टाक घालावा लागंल."

मी तिच्यापुढचा रिकामा तांब्या उचलला.

"दुसरीकडून आणला असता. पण आमचे मालक म्हणाले, घरचा कारागीर असताना बाहेर कशाला जाता? बापाच्या हातचा असंल तर तिचा जीव शांत ऱ्हाईल."

मालक शेगडीपाशी होते. हातातला चिमटा त्यांनी खाली ठेवला, पुन्हा उचलला. "पुढच्या आठवड्यात या," म्हणाले. एवढंच.

चार दिवस त्यांनी ठशाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी सकाळी आंघोळ करून आले, पाटावर बसले आणि मला म्हणाले, "तुझ्या गळ्यातला टाक काढ."

"कशाला?"

"तिच्या आईची चांदी आहे ती. वितळवतो. थोडी नवी चांदी घालतो, एकच पत्रा काढतो आणि त्यातनं दोन टाक ठोकतो. एक तुझा तुला परत, एक पोरीचा. दोघी एका पत्र्यातल्या व्हतील."

त्यांना असं काही सुचेल हे मला कधी वाटलं नव्हतं. कमी बोलणारा माणूस. बायको गेली तेव्हा रडले नाहीत म्हणे, पोरगी गेली तेव्हाही भिंतीकडं तोंड करून बसले. आणि आता हे. मी तेव्हाही बोलू शकले असते. दोरा सोडायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ माझ्याकडं होता. मी दोरा सोडला आणि टाक त्यांच्या हातावर ठेवला.

चांदी वितळवायच्या आधी लाख काढावी लागते. त्यांनी टाक चिमट्यात धरून विस्तवावर धरला. लाख मऊ झाली, फुगली, खाली फरशीवर ओघळली. चांदी बाजूला ठेवून ते लाखेवर वाकले आणि सुईनं उचकायला लागले. लाख घट्ट झाली की पुन्हा तापवायची, पुन्हा उचकायची.

"काय बघून राह्यलात?"

"मणी."

"कुठला मणी?"

"तिच्या मंगळसूत्राचा. काळा मणी. लाखेत घातला होता मी." त्यांनी लाख फरशीवर बोटानं पसरवली, चटका बसला तरी. "काच आहे, जळायची न्हाई. कुठं गेला?"

मी भिंतीला पाठ लावून खाली बसले आणि सांगितलं. परात, चिंचेचं पाणी, चौदा टाक, मंठ्याची गाडी, सगळं. ते ऐकत होते का नाही कळत नव्हतं, सुई हातात तशीच.

"तवाच का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही तरी मणी घातल्याचं कुठं सांगितलंत? मला ठाऊक असतं तर तिथंच लाख फोडून बघितली असती."

"ते काय सांगायचं असतं?"

खरं होतं. नव्या बायकोला हे कोण सांगतं.

सुई खाली ठेवून म्हणाले, "मंग पोरगी घास कोणाला देत होती?"

उत्तर त्यांनीच दिलं. चिमट्यानं ती रिकामी चांदी उचलून माझ्यासमोर धरली. "ही कोणाचीच न्हाई. बाजारात न्यायला ठोकलेला माल आहे हा."

"माल म्हणू नका," मी म्हटलं. आवाज चढला माझा. त्यांच्यापुढं कधी चढला नव्हता. "नऊ वर्षं पोरीच्या हातचं खाल्लंय तिनं. मरताना पोरीनं तिला धरलं होतं. काही म्हणा, माल म्हणू नका."

ते उठून बाहेर गेले. आले ते दुपारी. ती चांदी वितळवली नाही. नवीन पत्रा घेतला, ठशावर ठेवला, वर शिसं ठेवलं. हातोड्याचा आवाज रोजचाच होता. ठोकून, कापून, कडी लावून त्यांनी टाक माझ्याकडं सारला आणि पाठ फिरवून बसले. "लाख तू भर."

आमच्या पोरीचं नाक तरतरीत होतं, वडलांसारखं. हनुवटीवर गोंदलेला ठिपका होता. टाकात तेच बोथट नाक, तोच पदर. मी लाख भरली. मग कानस घेतली आणि कडीच्या खाली, डाव्या अंगाला, एक बारीक खाच पाडली. नख लावलं तर लागंल अशी.

नवी नवरी स्वतःच आली सासूबरोबर न्यायला, लग्नाच्या दोन दिवस आधी. एकोणीस-वीसची असंल. हातात नवा चुडा, आणि भेदरलेली. टाक तिच्या हातावर ठेवला तर तिनं तो तळहात अंगापासून लांब धरला. सासू मालकांशी बोलत होती तेवढ्यात मी तिला चुलीपाशी नेलं.

"हे बघ, इथं खाच आहे. बोट लाव. लागली?"

"हो."

"ही ध्यानात ठेव. गळ्यातनं कधी काढू नको. काळी पडली तर पडू दे. उजळायला सोनाराला देऊ नको, चिंचेत घालू नको. फारच वाटलं तर गळ्यात असतानाच पदरानं पूस."

तिनं मान हलवली. मग हळूच म्हणाली, "मावशी, त्या मला तरास तर न्हाई ना देणार?"

मावशी म्हणाली ती. सगळ्याच म्हणतात, त्यात काही नाही. पण मी आधी चुलीतलं लाकूड आत सारलं, मग बोलले.

"न्हाई गं. साधी होती. भात आवडायचा न्हाई तिला, भाकरीचा घास लाव. वरणात बुडवून. आणि काही झालं की तिला सांगायचं, तिला ऐकायची सवय आहे." तिला सांगायची सवय होती, असं म्हणायचं होतं मला. ऐकायची म्हणून गेले.

पुढं ती पोरगी सुखानं नांदली म्हणतात. दोन लेकरं झाली. मी पुन्हा त्या घरी गेले नाही.

मालक त्यानंतर मला एक शब्द टाकून बोलले नाहीत. माझा टाक पुन्हा लाख भरून मला परत दिला, मी गळ्यात घातला. फक्त एक झालं. जुने, चेपलेले टाक मोडायला येतात आमच्याकडं, त्या बदल्यात लोक नवे नेतात. आधी मालक ते ढीग घालून एकदम तापवायचे. आता अहेव बाईचा टाक आला की बाजूला काढायचे. विचारायचे, "कुठल्या गावचा?" मंठ्याकडचं नाव आलं की तो वेगळा घेऊन बसायचे, मंद विस्तवावर लाख ओघळू द्यायचे आणि सुईनं उचकायचे. माझ्याशी त्याबद्दल एकदाही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. मी फक्त शेगडी फुंकून द्यायची.

पुढं त्यांना दिसेनासं झालं, विस्तवापुढं आयुष्य गेल्यावर डोळे राहतात कुठं. तेव्हा सुई माझ्या हातात आली. ते शेजारी बसायचे आणि विचारायचे, "लागलं काही?"

"न्हाई."

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

ते जाऊन आता चार वर्षं झाली. लोक म्हणाले, आता नवराच नाही तर सवत कशाला, टाक देवघरात ठेवून दे. मी ठेवला नाही. दोन वेळा भाकरीचा तुकडा वरणात बुडवून लावते. ठशाचं काम बंद झालंय, पण अजून कोणी कोणी जुना टाक घेऊन येतं, घर माहीत असतं म्हणून. मी ठेवून घेते. शेगडी पेटवते, लाख ओघळू देते आणि बघते. चष्मा लावूनही मला आता नीट दिसत नाही, म्हणून बोटांनी चाचपते. काळा मणी, बाजरीच्या दाण्याहून थोडा मोठा. अजून लागला नाही.